वरल्या वाडीचा साकव

शिळीमकर सरांसमोर कुणी "बरं झालं" म्हणालं, की सर लगेच विचारत, "कुणाचं?" आवाज चढा नसे, चेहराही गंभीर नसे. एखाद्याला वेळ विचारावी तसं ते विचारत. जुलै महिन्यात कॉलेजात नव्या मुलांच्या स्वागताचा कार्यक्रम होता. सकाळपासून कोसळणारा पाऊस ऐन वेळी थांबला. सगळे खुशीत आले. मीही म्हणाले, "बरं झालं सर, उघडला." सर मांडवाबाहेर जाऊन आभाळाकडे बघून आले आणि म्हणाले, "कुणाचं बरं झालं? आमच्या वेल्ह्याकडं लावणी अर्धी राहिलीय." मग माझा पडलेला चेहरा बघून त्यांनीच सावरलं, "आपलं झालं. ते पण मोजायचं असतं. चल, हारतुरे कुठंयत?"

ते भोरच्या कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवत. माझी आणि त्यांची पहिली भेट मात्र एसटीत झाली. मी उत्रोलीची. बारावीचा निकाल लागला होता आणि मी सारोळ्याला मावशीकडे पेढे घेऊन निघाले होते. भोर स्टँडवरून गाडी भरूनच निघाली. मला लहानपणापासून गाडी लागते. मधल्या वाटेत उभी राहून मी दांडा घट्ट धरला होता आणि डोळे मिटून घेतले होते. तेवढ्यात शेजारचे एक उंच, सडपातळ, पांढऱ्या शर्टातले गृहस्थ खिडकीशी बसलेल्या माणसाला म्हणाले, "पाव्हणं, जरा या पोरीचा चेहरा बघा."

पाहुण्यांनी बघितला. "बरं न्हाई का तिला?"

"गाडी लागतीय. तिला खिडकी द्या."

"म्या रुमाल टाकून जागा धरलीय."

"धरलीय, कबूल. पण तिला हितं उलटी झाली तर तुमच्या धोतरावर होईल, ह्या ताईंच्या पिशवीवर होईल, आणि खाली त्या पाटीत कोंबड्या आहेत त्यांच्यावरही होईल. खिडकीतून झाली तर नुसती रस्त्यावर. आता ठरवा तुम्हीच."

पाहुणे क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिले आणि मग हसत उठले. मी खिडकीत बसले. वारा लागला तशी मळमळ ओसरली, आणि उलटी झालीच नाही. मी पेढ्यांचा पुडा पुढे केला. त्यांनी आधी पाहुण्यांना पेढा द्यायला लावला, मग स्वतः घेतला. मी कॉलेजात नाव घालणार आहे हे कळल्यावर म्हणाले, "आत्ता हे झालं ना, ह्याला उपयुक्ततावाद म्हणतात. दुसऱ्या वर्षाला असतो."

मी तत्त्वज्ञान घेतलं ते त्या खिडकीमुळे. घरच्यांना ते कधी सांगितलं नाही.

दुसऱ्या वर्षाला तो विषय खरंच आला. सरांनी फळ्यावर काही लिहिलं नाही. टेबलाला टेकून बोलायला लागले. "एखादं काम बरोबर की चूक हे कसं ठरवायचं? कुणी म्हणतं देवाला विचारा, कुणी म्हणतं वाडवडिलांना विचारा. हे उपयुक्ततावादी म्हणाले, त्या कामामुळं कुणाकुणाच्या वाट्याला किती सुख आणि किती दुःख येतंय ते बघा. ज्यात सगळ्यांचं मिळून सुख जास्त, ते काम बरोबर. आणि मोजताना पाटलाचं सुख जेवढ्या मापानं मोजाल, तेवढ्याच मापानं त्याच्या गड्याचं मोजा. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा. दोनेकशे वर्षांपूर्वी हे म्हणायला छाती लागत होती. आजही लागते."

मागून एक मुलगा म्हणाला, "सर, मग मिसळ खाण्याचं सुख आणि कविता वाचण्याचं सुख सारखंच का?"

"त्यांच्यातही ह्यावरून भांडण झालं. एक म्हणाला सुख ते सुख. त्याचाच शिष्य म्हणाला, न्हाई, सुखाला प्रत असते. तुझं काय मत?"

"मिसळ, सर."

"उपाशी आहेस म्हणून. जा, खाऊन ये, मग परत विचारतो."

तो खरंच गेला आणि तास संपायच्या आत परतला. सरांनी त्याला परत विचारलं. तो म्हणाला, आता कविता चालेल. वर्ग हसला. सरांनी मात्र ते उत्तर मनापासून ऐकून घेतलं.

हा वाद दोन भावांचा आहे, असं ते सांगत. "थोरला प्रत्येक वेळी नव्यानं विचारतो, आत्ता, ह्या घटकेला काय केलं म्हणजे जास्त भलं होईल? तो कृती बघतो. धाकटा म्हणतो, दर वेळी विचारत बसलास तर घोटाळा होईल. असा नियम कर, की तो सगळ्यांनी पाळला तर भलं होईल." मग ते एसटीचं उदाहरण देत. गाडी सुटलीय आणि लांबून एक मुलगी पळत येतेय. ड्रायव्हरनं थांबावं का? थोरला म्हणेल थांब, बसलेल्यांचा मिनिटभर खोळंबा आणि तिची सबंध दिवसाची सोय. धाकटा म्हणेल, प्रत्येक पळणाऱ्यासाठी थांबायचं ठरलं तर वेळेवर कुणीच येणार नाही आणि गाडी कधी पोचणारच नाही. आम्ही यावर दोन तास भांडलो. शेवटी आमचं ठरलं की एरवी थांबू नये, परीक्षेच्या दिवसांत थांबावं. सर म्हणाले, "बघा, दोघा भावांना तुम्ही एका घरात नांदवलंत."

त्या घरात पुढे तिसराही राहायला आला, असंही त्यांनी सांगितलं. तो म्हणतो, दुसऱ्याचं सुख कशात आहे ते तू परस्पर ठरवू नकोस, त्याला काय हवंय ते त्यालाच विचार. आम्हाला हा तिसरा सगळ्यात सोपा वाटला. परीक्षेत सगळ्यांनी त्याच्यावरच लिहिलं.

पुढे मी त्याच कॉलेजात त्यांच्याच विषयाची प्राध्यापक झाले. सर निवृत्त झाले आणि गावी गेले. त्यांचं गाव आंबेटाक, वेल्हे तालुक्यात पासलीच्याही पुढे, डोंगराच्या पोटात. पत्नी आधीच वारल्या होत्या, मुलगी लग्न होऊन लांब होती. ते धाकट्या भावाच्या, तात्यांच्या घरात राहू लागले. तात्यांची भातशेती होती, एक टेम्पो होता आणि गावात वजन होतं. सरांना ते आण्णा म्हणत. आण्णांच्या शब्दाबाहेर तात्या कधी गेले नव्हते. तसा प्रसंगच आला नव्हता.

प्रसंग आला तो साकवावरून. आंबेटाकला एक ओढा आहे. पावसाळ्यात तो असा फुगतो की त्याचा आवाज घरात बसून ऐकू येतो. ओढ्यावर पायी जाण्यापुरता एक छोटा पूल, म्हणजे साकव, मंजूर होणार होता. एकच. जागा ग्रामसभेनं ठरवून कळवायची होती. एक जागा होती देवळाखाली. सगळ्या गावाची शेतं ओढ्यापलीकडे, त्यामुळे लावणीच्या दिवसांत रोपांची ओझी घेऊन लोकांना लांबच्या रस्त्यानं वळसा घालावा लागे. दुसरी जागा होती वर, डोंगराच्या अंगाला. तिथं पलीकडे वरली वाडी होती, शेतांपासून मधल्या कड्यानं तुटलेली. मोजकी घरं. ओढा भरला की ती वाडी जगापासून तुटायची.

पहिल्या ग्रामसभेत लोकांनी सरांचं मत विचारलं. सर म्हणाले, देवळाखाली बांधा, जास्त लोकांची सोय होईल. वाडीच्या लोकांना पावसाळ्यापुरती शाळेच्या खोलीत जागा देऊ. सगळ्यांना पटलं. वाडीचं कुणी सभेला आलेलं नव्हतं, ओढा भरला होता.

हे मला त्यांनी श्रावणात सांगितलं. मी त्यांना भेटायला गेले होते. पाऊस जरा कमी झाला होता, पाणी उतरलं होतं. सर म्हणाले, "वाडीवर अजून कुणी सांगितलेलं नाही. मीच जाऊन सांगतो. येतेस?" मी निघाले. ओढ्यात बांधलेला दोर धरून आम्ही पलीकडे गेलो. पाणी गुडघ्याच्या वर होतं आणि पायाखालचे दगड सरकत होते. मी घाबरले होते. सर पासष्टीच्या पुढचे, पण पोरासारखे चालले.

वाडीत हौसाबाई म्हणून एक बाई होत्या, त्यांच्या ओसरीवर बसलो. सरांनी शाळेच्या खोलीचं सांगितलं. हौसाबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि चहाची कपबशी सरांच्या हातात देत म्हणाल्या, "सर, म्हशी कुठं बांधू शाळंत? आनि भात कोन राखंल? डुकरं एका राती फस्त करत्यात. तुमी चांगल्यासाठीच सांगताय. पर आमाला कुनी इचारलंच न्हाई."

सरांनी कपबशी खाली ठेवली. मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं. तिसऱ्या भावाचा धडा मला त्यांनीच शिकवला होता.

तेवढ्यात पाऊस परत सुरू झाला, आणि आतून हौसाबाईंच्या सुनेचा कण्हण्याचा आवाज आला. राणी तिचं नाव. दिवस भरत आले होते, पण अजून अवकाश आहे असं सगळे समजत होते. तासाभरात कळलं की अवकाश नाही. ओढ्याकडे बघितलं तर पाणी चढू लागलं होतं. थोडा वेळ गेला असता तर वाट बंदच झाली असती. वाडीतले धडधाकट बाप्ये बहुतेक पुण्याला कामावर. राणीचा नवरा आणि आणखी दोघे, एवढेच हाताशी होते. त्यांनी बांबूला घोंगडी बांधून डोली केली. चौथा खांदा सरांनी दिला. "सर, तुमी नका," राणीचा नवरा म्हणाला. सर म्हणाले, "दुसरा कोण आहे, सांग. त्याला देतो." दुसरा कुणी नव्हता.

मी पुढं होऊन दोर धरला. त्या वेळचं पाणी मला अजून आठवतं. लाल, गढूळ, फांद्या घेऊन येणारं. मधोमध ते सरांच्या कमरेला लागलं. एकदा त्यांचा पाय निसटला, डोली एका अंगाला कलली आणि राणी ओरडली. राणीच्या नवऱ्यानं आपला खांदा तसाच ठेवून एका हातानं सरांचा दंड पकडला. मग सगळे पुन्हा चालू लागले. अलीकडे पोचल्यावर सर दगडावर बसले आणि शर्टाचं पाणी पिळू लागले.

मोबाईलला रेंज आली तसा मी तात्यांना फोन केला. तात्या टेम्पो घेऊन खालच्या रस्त्यावर आले, मागं गादी टाकली, राणीला वेल्ह्याच्या दवाखान्यात घेऊन गेले, आणि मुलगी झाल्याचं कळेपर्यंत तिथून हलले नाहीत. पेढे त्यांनीच वाटले. तात्या असे होते, हे सांगायला हवं, कारण दुसऱ्या दिवशी सर म्हणाले, "तात्या, साकव वर बांधायला पाहिजे," तेव्हा विरोध केला तोही त्यांनीच.

"आण्णा, एखाद्या वेळचं असतंय ते," ते म्हणाले. "माझा टेम्पो हाय की. हाक मारा, म्या येतो. पर शेतावर रोज जायाचं. अख्ख्या गावाला रोजचा तरास."

"तुझा टेम्पो ओढ्याच्या अलीकडंच थांबतो, तात्या."

"तुमीच सभेत सांगितलं, जास्ती लोकांची सोय बघा म्हनून. आता पुस्तक उलटं फिरलं व्हय?"

"पुस्तक सरळच आहे. मी अर्धं वाचलं होतं. किती माणसं ते मोजलं. कुणाला किती सोसावं लागतं, ते मोजायचं राहिलं."

त्या घरात दोन आठवडे कुणी मोकळं बोललं नाही. सर जेवायला बसत, तात्यांच्या पत्नी सुमनकाकू वाढत, तात्या आधीच जेवून शेतावर गेलेले असत. सरांनी नव्यानं सभा बोलवायला लावली. मला फोन करून म्हणाले, "ये. हरलो तर घरी जाताना सोबत होईल."

देवळाच्या मंडपात सभा भरली. पाणी उतरलं होतं, त्यामुळे वाडीची माणसं या वेळी आली होती, हौसाबाईही. एका कडेला दाटीवाटीनं बसली होती. सर उभे राहिले आणि पहिल्यांदा म्हणाले, "मागच्या सभेत मी चुकीचं सांगितलं." गावात इतकी वर्षं शिकलेला म्हणून मान असलेला माणूस असं म्हणाला तशी कुजबूज थांबली. मग ते म्हणाले, "मी भाषण करत नाही. एक विचारतो. समजा, उद्या सकाळी आपण सगळ्यांनी घरं बदलायची. चिठ्ठ्या टाकायच्या. कुणाला खालचं घर येईल, कुणाला वरल्या वाडीतलं, आज सांगता येत नाही. साकव मात्र आजच ठरवायचाय. कुठं बांधाल?"

"असं कुठं असतंय का," मागून कुणीतरी म्हणालं.

"नसतं. पण आपण कुठल्या घरात जन्मलो, ती चिठ्ठी तरी आपण कुठं बघून उचलली होती?"

तात्या उठले. "आण्णा, मला सांगा. शंभरातली नव्वद मानसं आमी खालची. आमचा रोजचा वळसा धरायचाच न्हाई का? ओझं डोक्यावर घेऊन म्हातारी मानसं चालत्यात."

"धरायचा. तोही त्रास आहे, मी नाही म्हणत नाही. पण वळसा घालून तू संध्याकाळी घरी येतोस. त्या दिवशी मी त्या पाण्यात उभा होतो तात्या. खांद्यावर दोन जीव होते. पाय निसटला तेव्हा मला एवढंच कळलं, की ह्या दोन त्रासांना आपण एकच शब्द वापरतो, ते नुसते आपल्याकडं शब्द कमी आहेत म्हणून."

तात्या उभेच होते. तेव्हा बायकांमधून सुमनकाकू उठल्या. थोरल्या दिरासमोर त्या कधी मोठ्यानं बोललेल्या नव्हत्या, नवऱ्याच्या विरुद्ध तर चारचौघांत नाहीच. पदर सारखा करून म्हणाल्या, "चिठ्ठ्या कशाला पायजेल? आपल्या लेकीला, कमलला, त्याच वाडीतलं स्थळ आलं होतं. पुन्याचं आलं म्हनून तिकडं दिली. न्हाईतर त्या घोंगडीत तीच असती." आणि त्यांनी हात वर केला. "वर बांधा."

तात्या बायकोकडे बघत राहिले. मग खाली बसले. बसल्यावर हळूच हात वर केला. त्यानंतर मंडपभर हात वर होत गेले. हौसाबाईंनी तोंडाला पदर लावला होता. माझ्या डोळ्यांना पाणी आलं. सर मात्र शांतपणे म्हणाले, "आता नुसता ठराव करू नका, नियम करा. गावाचं कुठलंही काम असो, जिथं जीव अडतो तिथं आधी, जिथं पाय अडतो तिथं नंतर." तसा नियम झाला. थोरला आणि धाकटा पुन्हा एका घरात आले.

साकव झाला त्या दिवशी गावात जत्रेसारखी गर्दी होती. पाहुण्यांची भाषणं लांबली. फीत कापायची होती, तेवढ्यात हौसाबाईंची म्हैस दावं तोडून आली, फीत गळ्यात घेतली आणि ठुमकत साकव ओलांडून पलीकडे गेली. लोक हसून बेजार झाले. सर टाळ्या वाजवत म्हणाले, "बरोबर आहे. सुखदुःख तिलाही कळतं. शास्त्रात तिचीही गणती आहे."

आणि पुढच्या उन्हाळ्यात कुणी न सांगता वरल्या वाडीची माणसं पहारी, घमेली घेऊन देवळाखाली आली. पुण्याला कामावर असलेले गडी सुट्टी काढून आले. खालच्या लोकांबरोबर राबून त्यांनी ओढ्यात मोठाले दगड बसवले आणि फरशी, म्हणजे पाण्यालगतची दगडी वाट केली. मोठा पूर आला तर ती बुडते, पण लावणीच्या दिवसांत बहुतेक वेळा लोक तिच्यावरून जातात. राणी लेकीला झाडाला बांधलेल्या झोळीत निजवून सगळ्यांना भाकरी वाढत होती. सर सावलीत बसून बघत होते. मी त्यांना विचारलं, "सर, खालच्या गावात लाखभर लोक असते तर? तेव्हाही वरच बांधला असता?" त्यांनी झोळीला एक झोका दिला. मग म्हणाले, "ते मला अजून सुटलेलं नाही. तू शिकवतेस ना आता? पोरांना सांग, मास्तरला सुटलं नाही म्हणून."

सर दोन वर्षांपूर्वी गेले. शांतपणे, दुपारी, ओसरीवर. दोन्हीकडची माणसं आली होती.

परवा मी वेल्ह्याकडे गेले होते. आंबेटाकच्या शेजारच्या गावात पाण्याच्या टाकीवरून तंटा चालला होता, टाकी पाण्याला तरसणाऱ्या वरच्या आळीला की खालच्या. त्यांनी चार समजूतदार माणसं बोलावली होती, त्यात तात्या होते. मी मागे बसून ऐकत होते. तात्यांचे केस आता पांढरे झालेत. ते म्हणाले, "ज्याला तहान जास्ती, त्याच्या दारात आधी." खालच्या आळीचा एक जण चिडून म्हणाला, "तात्या, तुमाला सांगाया काय जातंय?"

"माझं लई गेलंय," तात्या म्हणाले. "साकव वर झाला तवा अख्खी लावणी म्या वळसा घालून केली. पाय सुजायचं. पर त्या साली रोज रातीला पडल्या पडल्या झोप लागायची, अशी झोप पयल्यांदाच बघितली. आण्णांस्नी सांगितलं, तर म्हनले, पुस्तकात ह्याला पन सुखच म्हनत्यात."

लोक हसले. तो चिडलेला माणूसही हसला. मग वरच्या आळीला टाकी बांधायची का म्हणून विचारलं, तेव्हा सगळ्यात आधी त्याचा हात वर गेला.